कोणता नियम कोणत्या क्लासकडे? क्लासच्या रचनेबाबत नवोदितांच्या नेहमीच्या शंका

पर्वरीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते आणि गोव्यातील महाविद्यालयांतून प्रशिक्षणार्थी म्हणून येणाऱ्या मुलामुलींचे कोड तपासण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. ही मुले तयारीची असतात. एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या चार संकल्पनांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ असतात आणि प्राणी या क्लासपासून (क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा कोडचा साचा; त्यावरून घडते ती प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट) कुत्रा व मांजर हे क्लास कसे काढावेत, हेही त्यांनी परीक्षेत लिहिलेले असते. घोडे अडते ते त्याच्या पुढे. समोर कोरी फाइल आहे, ग्राहकाने चार वाक्यांत काम सांगितले आहे, आणि आता नेमके कोणते क्लास करावेत हे त्यांना सुचत नाही. अशा वेळी मला ज्या शंका विचारल्या जातात, त्यांतील महत्त्वाच्या शंकांची उत्तरे मी येथे मोरजी-हरमलच्या किनारपट्टीवर पावलोपावली दिसणाऱ्या गेस्ट हाऊसच्या बुकिंगचे उदाहरण घेऊन देत आहे.

पहिली शंका अशी की, ग्राहकाच्या बोलण्यात आलेल्या प्रत्येक नामाचा क्लास करायचा का? पाहुणा, खोली, बुकिंग, पावती, मालक, पलंग अशी नामे अधोरेखित करून सुरुवात करायला हरकत नाही, परंतु बहुतेक जण तेथेच थांबतात. मग डेटाबेसच्या टेबलांसारखे दिसणारे, फक्त फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, असलेले क्लास तयार होतात आणि धंद्याचे सगळे नियम ‘बुकिंग मॅनेजर’ नावाच्या एका अवाढव्य फाइलीत जाऊन बसतात. क्लास म्हणजे जगातील वस्तूची प्रतिकृती, ही कल्पना मुळात निराधार नाही. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी नॉर्वेत घडवलेल्या ज्या सिम्युला ६७ या भाषेतून क्लास आणि सबक्लास (एका क्लासवरून काढलेला क्लास) आले, तिचा उगमच प्रत्यक्ष घडामोडींचे संगणकावर अनुकरण करण्याच्या गरजेतून झाला होता. बुकिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र गेस्ट हाऊसचे अनुकरण करायचे नसते. त्याला मालकाचे नियम पाळायचे असतात. म्हणूनच मला १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी मांडलेली कसोटी अधिक उपयोगी वाटते. जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे तो शोधावा आणि तो एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागाच्या, आत दडवून ठेवावा, असे तिचे सार आहे. पलंगाबद्दल मालक कोणताही निर्णय बदलणार नसेल तर पलंगाचा क्लास नको. रात्री कशा मोजायच्या, नाताळात दर काय लावायचा आणि बुकिंग रद्द केल्यास किती आगाऊ रक्कम परत द्यायची, हे निर्णय मात्र हमखास बदलतात.

यांतील रात्री मोजण्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण क्लास कशासाठी असतो हे त्यावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येवरून होत नाही. आगमन आणि प्रस्थान या दोन तारखा बुकिंगमध्ये सुट्या फील्ड म्हणून ठेवल्या, तर खोली मोकळी आहे का हे पाहणारी तुलना शोध, नवीन बुकिंग, तारीख बदलणे आणि महिन्याचा अहवाल अशा अनेक ठिकाणी लिहावी लागते, आणि त्यांपैकी एखाद्या ठिकाणी ती चुकतेच. एक पाहुणा १२ डिसेंबरला सकाळी खोली सोडणार आहे आणि दुसरा त्याच दुपारी येणार आहे. या दोन बुकिंगमध्ये संघर्ष नाही. पहिल्याचे आगमन दुसऱ्याच्या प्रस्थानाच्या आधी असेल आणि दुसऱ्याचे आगमन पहिल्याच्या प्रस्थानाच्या आधी असेल, तरच संघर्ष आहे. येथे ‘आधी’च्या जागी कोणी ‘आधी किंवा त्याच दिवशी’ असे चिन्ह टाकले, तर ऐन मोसमात १२ तारखेची रात्र रिकामी जाते आणि ती का गेली हे मालकाला कधीच कळत नाही. त्यात मोपा येथील विमानतळावर मध्यरात्रीनंतर उतरणारा प्रवासी धरा. तो १३ तारखेच्या पहाटे दारात उभा राहतो, परंतु त्याच्यासाठी खोली १२ तारखेच्या रात्रीपासून अडवून ठेवावी लागते.

हे सारे ‘मुक्काम’ नावाच्या एका छोट्या क्लासमध्ये ठेवावे. त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) प्रस्थान आगमनाच्या नंतर नसेल तर ऑब्जेक्ट तयारच होऊ देत नाही. त्याला ‘किती रात्री’ आणि ‘या मुक्कामाशी आड येतो का’ अशा दोन-तीन मेथड, म्हणजे त्याला सांगता येणारी कामे, असतात. आणि एकदा तयार झाल्यावर तो बदलत नाही, तारीख बदलायची असेल तर नवा मुक्काम तयार करावा लागतो. जावामध्ये २०२१ साली आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून अशा कामासाठी रेकॉर्ड हा प्रकार कायमचा उपलब्ध झाला आहे. ग्राहकाने सांगितलेल्या कामात ‘मुक्काम’ हे नाम कदाचित आलेलेही नसते. तरी संपूर्ण प्रकल्पात सर्वांत उपयोगी क्लास हाच ठरतो. पैशांचेही तसेच आहे. रक्कम डबल प्रकारात, म्हणजे द्विमान पद्धतीने साठवलेल्या अपूर्णांकात ठेवू नये, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तेथे नेमकी ०.३ येत नाही. पूर्णांकात पैसे ठेवणारा छोटा क्लास करावा आणि पुढे जावे.

दुसरी शंका गेटर आणि सेटर, म्हणजे फील्डमधील माहिती वाचून देणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड, यांची. एडिटर एका कळीसरशी ते तयार करून देतो, त्यामुळे प्रत्येक फील्डला ते असतात, आणि फील्ड प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून थेट हात लावता न येणारे, केल्याने एन्कॅप्सुलेशन (आतली माहिती बाहेरच्या कोडपासून राखणे) साधले असा समज होतो. बुकिंगची ‘स्थिती’ बाहेरून कोणालाही ‘रद्द’ करता येत असेल, तर ती प्रायव्हेट असून नसल्यासारखी आहे. मोबाइल अ‍ॅपच्या कोडने स्थिती बदलली आणि परताव्याचा हिशेब केला. मालकाच्या संगणकावरील कोडने स्थिती बदलली, पण परतावा विसरला. तक्रार येते ती पाहुण्याची. सेटर काढून टाकून बुकिंगला ‘रद्द कर’ अशी एक मेथड द्यावी. ती रद्द करण्याची तारीख घेईल, नियमाप्रमाणे परताव्याची रक्कम काढेल, स्थिती बदलेल आणि आधीच रद्द झालेले किंवा पाहुणा येऊन गेलेले बुकिंग असेल तर नकार देईल. गेटर मात्र निषिद्ध नाहीत. पडद्यावर दाखवायला आणि अहवालाला माहिती लागतेच.

तिसरी शंका इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढण्याची, आणि येथे परीक्षेतल्या कुत्र्या-मांजरांनी बरेच नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. “मॅडम, खोलीचे सबक्लास किती करू?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, कारण एसी खोली, बिगर एसी खोली, समुद्राकडील खोली अशी उतरंड डोळ्यांपुढे लगेच उभी राहते. त्यावर माझा उलट प्रश्न असतो की, पावसाळ्यात गेस्ट हाऊस बंद असताना मालकाने बिगर एसी खोलीत एसी बसवला तर तुमच्या ऑब्जेक्टचे काय होणार? जावा किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत एकदा तयार झालेला ऑब्जेक्ट आपला क्लास बदलू शकत नाही. जुनी खोली पुसून नवी तयार करावी, तर तिच्या नावावर असलेली बुकिंग लोंबकळत राहतात. शिवाय समुद्राकडील एसी खोलीसाठी वेगळा सबक्लास आणि समुद्राकडील बिगर एसी खोलीसाठी आणखी वेगळा, असे करत गेल्यास त्याला अंत नाही. एसी ही खोलीची सोय आहे; ती फील्डमध्ये किंवा सोयींच्या यादीत असावी.

मग इनहेरिटन्स कधी वापरावा? संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: जेथे मूळ क्लासचा ऑब्जेक्ट चालतो, तेथे सबक्लासचा ऑब्जेक्ट ठेवला तरी प्रोग्रामचे वागणे बिघडता कामा नये. महिन्याने भाड्याने द्यायची खोली हा ‘खोली’चा सबक्लास केला आणि ‘एका रात्रीचा दर’ विचारल्यावर तो एक्सेप्शन फेकू, म्हणजे चूक झाल्याचे सांगून काम थांबवू लागला, तर तो या कसोटीला उतरत नाही. अशा चुका थोरामोठ्यांच्याही हातून झाल्या आहेत. जावाच्या मूळ लायब्ररीतील स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा (कोठेही घटक घालता येणाऱ्या यादीचा) सबक्लास आहे, त्यामुळे ज्यात फक्त वरून घालायचे आणि वरूनच काढायचे, त्या स्टॅकच्या मध्यभागीही घटक घुसवता येतो. लाखो प्रोग्रामांनी तो वापरल्यामुळे आता ते बदलणेही शक्य नाही. स्टॅकने व्हेक्टर आपल्या आत फील्ड म्हणून ठेवला असता, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

इंटरफेसबद्दल, म्हणजे क्लासमध्ये कोणत्या मेथड असाव्यात एवढेच ठरवणाऱ्या कराराबद्दल, थोडक्यात सांगते. नेहमीचा दर, नाताळ ते नववर्षाचा दर आणि महिन्याचा दर अशा खरोखरच वेगळ्या पद्धती असतील, तर ‘दरपद्धती’ हा इंटरफेस शोभतो. एकच पद्धत असताना प्रत्येक क्लासपुढे एक इंटरफेस उभा करणे म्हणजे वाचणाऱ्याला उगाच दोन फाइली उघडायला लावणे होय.

क्लास केवढा असावा, याला ओळींचे माप नाही. क्लासचे काम एका वाक्यात सांगताना ‘आणि’ वारंवार यायला लागले, किंवा नावात ‘मॅनेजर’, ‘हेल्पर’, ‘युटिल’ यांपैकी काही आल्याशिवाय नाव सुचेना, तर जबाबदाऱ्यांची सरमिसळ झाली आहे असे समजावे. हे आधी तपासून पाहायला केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली सुचवलेली कार्डांची पद्धत चांगली आहे. एका कार्डावर एक क्लास, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्याला मदत करणारे क्लास. आमच्याकडे यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरतात. पत्रिकेवर जागा पुरेनाशी झाली की क्लास मोठा झाला, हे सांगायला वरिष्ठ लागत नाही.

मुलाखतीत बहुधा पार्किंगच्या जागेची रचना करायला सांगतात. (पणजीत गाडी लावायला जागा शोधून दमलेल्या उमेदवाराला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटायला हवा.) तेथे लगेच वाहन, मोटार, दुचाकी अशी उतरंड काढू नये. वाहनांच्या आकारानुसार जागा ठरते का, शुल्क तासाने की दिवसाने, दोन फाटकांवर एकाच वेळी शेवटची जागा मागितली गेली तर काय, असे प्रश्न आधी विचारावेत. मुलाखत घेणाऱ्याला बहुतेक वेळा तेच पाहायचे असते.

नोकरीच्या पहिल्या महिन्यांत मात्र कोरी फाइल क्वचितच मिळते. मिळतो तो अनेकांच्या हाताखालून गेलेला जुना कोड. तो वाचताना नवी रचना सुचवण्याआधी गिटचा (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास काढावा आणि एकाच बदलासाठी कोणत्या फाइली पुन्हा पुन्हा एकत्र बदलल्या गेल्या आहेत, हे पाहावे. दर वर्षी मोसमाचे दर बदलताना अहवाल, पावती आणि शोध या तिन्ही फाइलींना हात लागलेला दिसला, तर दराचा नियम अजून कोणत्याही एका क्लासच्या ताब्यात नाही. सध्याचे वागणे पकडून ठेवणाऱ्या टेस्ट आधी लिहाव्यात, मग तो नियम तिन्ही ठिकाणांहून काढून एका क्लासमध्ये हलवावा, आणि तपासणीसाठी पाठवताना त्या जुन्या बदलांची यादी सोबत जोडावी.