गांडुळांच्या वर्तनाचा प्रयोग: तासाआधीची तयारी

शाळेच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या वर्तनाचा पहिला प्रयोग गांडुळांवर घ्यावा, असे माझे मत आहे. ती चावत नाहीत, उडून जात नाहीत आणि गांडूळखत करणाऱ्या कोणाकडेही ओंजळभर खतासकट मिळतात. प्रश्न मात्र आधी एकच ठरवून फळ्यावर लिहावा: ओलावा दोन्हीकडे सारखा असताना गांडूळ उजेडातून अंधाराकडे जाते का? उजेड, ओलावा आणि वास असे सगळे एकाच तासात उरकायचा मोह होतो, पण मग कशामुळे काय घडले हे कोणालाच सांगता येत नाही.

गांडुळे आदल्या दिवशी आणावीत. ती त्वचेतून श्वसन करतात आणि त्यासाठी त्वचा ओली राहावी लागते, म्हणून डब्यात ओलसर खत भरून, झाकणाला भोके पाडून तो सावलीत ठेवावा. तळाशी पाणी साचू देऊ नये. ट्रेसाठी लागणारे नळाचे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवले म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो. हाताळणाऱ्यांच्या हातांना साबण, सॅनिटायझर किंवा डब्यातल्या चिवड्याचे मीठ लागलेले नसावे. हात साध्या पाण्याने धुऊन ओलेच ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या छपराखाली, हा प्रयोग घेऊच नये.

ट्रे उथळ असावा आणि त्याच्या तळाला ओला टिपकागद सलग अंथरावा. अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा ठेवला तर उरलेल्या अर्ध्यावर तेवढ्याच उंचीवर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवावे, नाहीतर उघडा भाग लवकर वाळतो आणि आपण उजेडाऐवजी कोरडेपणाच मोजत बसतो. दिवा एलईडीचा घ्यावा, कारण जुना पिवळा बल्ब तापतो. पुठ्ठ्याखाली पाहण्यासाठी टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर बांधावेत; लाल प्रकाश गांडुळांना फारसा जाणवत नाही. खिडकीचा उजेड किंवा टेबलाचा उतार निकालात शिरू नये म्हणून निम्म्या गटांचे ट्रे उलट दिशेने मांडावेत, आणि एक ट्रे दोन्हीकडे पारदर्शक आच्छादन घालून तुलनेसाठी राखावा. बाके सरकवणे, टेबलावर पेन आपटणे बंद. चार्ल्स डार्विनने 1881 च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की, पियानोच्या सुरांकडे गांडुळांनी लक्ष दिले नाही, पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवताच ती बिळात शिरली.

सर्वांत जास्त वेळ नोंदतक्त्याला द्यावा, कारण वर्गात प्रयोग फसतो तो बहुधा तिथेच. विद्यार्थी ‘घाबरले’, ‘कंटाळले’, ‘अंधार आवडला’ असे लिहितात. हे निरीक्षण नव्हे, तो अंदाज आहे. म्हणून दिसणाऱ्या हालचालींची सूची आधी छापून घ्यावी: पुढे सरकणे, मागे सरकणे, पुढचे टोक उचलून इकडेतिकडे फिरवणे, आक्रसणे, स्थिर राहणे. प्रत्येकीची व्याख्या एका वाक्यात असावी. उदाहरणार्थ, ‘स्थिर’ म्हणजे शरीराचा कोणताही भाग जागेवरून न हलणे. पुढचे टोक ओळखता यावे म्हणून पूर्ण वाढ झालेली गांडुळे निवडावीत, त्यांच्या अंगावरचा जाडसर पट्टा पुढच्या टोकाजवळ असतो. शेवटी ‘दिसत नाही’ असा एक रकाना अवश्य ठेवावा. तो नसला की विद्यार्थी रिकामी जागा कल्पनेने भरतात.

एका जोडीने एकाच गांडुळावर लक्ष ठेवावे आणि दर 30 सेकंदांनी, इशारा होताच, त्या क्षणी ते काय करते व कोणत्या भागात आहे एवढेच लिहावे. 10 मिनिटांत 20 नोंदी होतात. निरीक्षण कोणाचे, किती वेळ आणि कोणत्या क्षणी करायचे हे आधी बांधून न घेतल्यास डोळा ठळक हालचालींकडेच धावतो, आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी 1974 च्या लेखात वर्तननोंदीच्या पद्धतींची छाननी केली ती याच अडचणीपोटी. जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या वहीत न डोकावता लिहावे. नोंदी फार वेगळ्या आल्या तर दोष विद्यार्थ्यांना न देता व्याख्या सुधाराव्यात, आणि हे आदल्या दिवशीच्या एका ट्रेच्या रंगीत तालमीत उरकावे.

तास संपल्यावर गांडुळे आणली त्याच खताच्या खड्ड्यात परत सोडावीत, बागेत किंवा ओढ्याकाठी नव्हे; खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही युरोपातली जात आहे. हात साबणाने धुवायचे ते आता.