टोपोशीटवरून सह्याद्रीचा छेद कसा काढावा

गडाची वाट मोबाईल दाखवतो. पण डोंगर असा का झाला, हे कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून माझ्याबरोबर ट्रेकला येणाऱ्या पोरांना मी निघण्याआधी टोपोशीटवरून, म्हणजे जमिनीची उंची-उतार दाखवणाऱ्या सविस्तर नकाशावरून, एक छेद काढायला लावतो. छेद म्हणजे डोंगर एका सरळ रेषेत कापला तर बाजूने जसा दिसेल तसं चित्र. इथे हरिश्चंद्रगड घेऊ, कारण सह्याद्रीत जे काही घडतं ते बहुतेक सगळं इथे एका रेषेत सापडतं.

आधी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची शीट मिळवा. जुन्या पद्धतीने तिचा क्रमांक ४७ ई/१५. गड शीटच्या डाव्या कडेला येतो, त्यामुळे कोकणातला उतार पुरता पाहायचा तर पश्चिमेची शीटही शेजारी ठेवावी लागते. सर्वेक्षणाचं वर्ष वाचायला विसरू नका. शीट जुनी असेल तर खिरेश्वरजवळचा पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय तिच्यावर दिसणारच नाही.

आता तपकिरी रेषा. या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दर २० मीटरला एक. दर पाचवी रेष जाड, म्हणजे दोन जाड रेषांत १०० मीटरचा चढ. कागदावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोन जाड रेषांत १ सेंमी अंतर असेल तर उतार साधारण ११ अंशांचा, आरामात चालण्यासारखा. तेच अंतर १ मिमी भरलं, तर ५० मीटर जाताना १०० मीटर चढायचं! तिथे पाय टेकत नाहीत, दोर लागतो.

रेषा 'व्ही'सारख्या वळतात तिकडे नीट बघा. टोक चढाकडे असेल तर ती घळ किंवा ओढा, उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट अशाच एका खोल 'व्ही'तून वर येते. पावसाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नका, दगड येतात. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा दोन्हीकडून आत दबल्या असतील तर ती खिंड, जशी तोलार खिंड.

छेद काढायला कोकणातून घाटमाथ्यावर जाणारी एक सरळ रेष आखा, गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावरून जाणारी. कागदाची पट्टी तिच्यावर धरा. जिथे जिथे समोच्च रेषा पट्टीच्या काठाला लागते तिथे बारीक खूण करून उंची लिहा. कड्यापाशी खुणा एकमेकींवर चढतील, तिथे फक्त जाड रेषा घ्या. मग पट्टी आलेखाच्या कागदावर ठेवून प्रत्येक खुणेवर तिच्या उंचीइतका बिंदू द्या आणि बिंदू जोडा. उभं प्रमाण १ सेंमीला २०० मीटर ठेवा. उंची अडीचपट ताणली जाते, ती तशी छेदाखाली लिहून ठेवा. याहून जास्त ताणली तर प्रत्येक टेकडी सुळक्यासारखी दिसते, आणि ते मला पटत नाही.

छेद पूर्ण झाला की त्यात टप्पे दिसतील: कडा, मग जरा सपाट पदर, पुन्हा कडा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, त्याचा हा परिणाम. घट्ट बेसॉल्टचा (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा) थर भेगांवर तुटून उभा कडा देतो. सच्छिद्र थर आणि मधले तांबड्या मातीचे पट्टे लवकर झिजतात, तिथे उतार सौम्य होतो. खालचं मऊ निघून गेलं की वरचा कातळ आधाराविना सुटतो, आणि कडा मागे सरकतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट छेदाच्या दोन बाजूंत आहे. पश्चिमेला धप्पकन उतार, पूर्वेला निवांत. पश्चिमेचं पाणी काळू नदीतून उल्हासला मिळून थोड्याच अंतरात समुद्र गाठतं. पूर्वेचं मुळेतून प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत, आणि थेट बंगालच्या उपसागरात जातं. जवळची वाट म्हणजे तीव्र उतार, आणि तीव्र उतार म्हणजे जोरात खणणारं पाणी. म्हणून कोकणातले ओढे डोंगर मागे खात पूर्वेकडे सरकतात. शीटवर निळ्या-काळ्या ओढ्यांची उगमं जोडून जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारी रेष, आखा. ती बऱ्याच ठिकाणी कड्याच्या अगदी कडेने जाते.

एक गोष्ट मात्र नकाशा सांगत नाही. कोकणकडा वरून पुढे झुकलेला आणि पोटात आत गेलेला आहे. समोच्च रेषा तिथे एकमेकींत मिसळतात, आतली पोकळी दाखवू शकत नाहीत. प्रत्यक्ष कडा बाजूने पाहिल्यावर ती बाक छेदात हाताने भरा. तोलार खिंडीतून चढताना छेद हातात असू द्या, आणि दगड काळा-घट्ट आहे की भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांचा, हे त्या त्या उंचीवर पेन्सिलीने टिपत जा.