ऑटोरन डिस्कसाठी बॅच मेनू करताय? या चुका टाळा

डिस्क घालताच आपोआप उघडणारा मेनू बॅच फाइलमध्ये, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, करता येतो. आपल्या संगणकावर तो झकास चालतो. डिस्क बर्न करून दुसऱ्याच्या हाती दिली की तिथे काळी खिडकी क्षणभर चमकते आणि गायब होते. बहुतेक वेळा कारण एकच: फाइलमध्ये ड्राइव्हचं अक्षर ठोकून दिलेलं. तुमच्याकडे डीव्हीडी ड्राइव्ह डी आहे, समोरच्याकडे ई किंवा जी असेल. बॅच फाइलला स्वतःचा पत्ता विचारता येतो. टक्का, टिल्डा, डी, पी, शून्य ही अक्षरं सलग लिहिली की ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा ड्राइव्हसकट मार्ग मिळतो, शेवटच्या बॅकस्लॅशसह. मार्गात जागा सुटलेली असू शकते, म्हणून तो अवतरणचिन्हांत ठेवा.

एवढ्यावर भागत नाही. मेनू ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला, की चालू फोल्डर डिस्क नसून विंडोजचा सिस्टिम३२ असतो आणि नुसत्या नावाने बोलावलेला सेटअप सापडत नाही. सुरुवातीलाच फोल्डर बदलणाऱ्या सीडी कमांडने वर सांगितलेल्या मार्गावर या, आणि सोबत स्लॅश डी द्यायला विसरू नका. त्याशिवाय सीडी ड्राइव्ह बदलत नाही.

चूक कुठे आहे हे कळण्याआधीच खिडकी बंद होत असेल, तर डबल क्लिक सोडा. कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून फाइल चालवा, म्हणजे संदेश समोर राहतो.

डिस्क घातली आणि काहीच झालं नाही? काय उघडायचं हे विंडोजला सांगणारी ऑटोरन डॉट आयएनएफ ही फाइल डिस्कच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, आहे का, ते आधी बघा. नोटपॅडने शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलेलं असतं आणि एक्स्टेंशन लपवलेली असली तर ते दिसतही नाही. हीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून मेनू आपोआप उघडेल अशी आशा मात्र धरू नका. २००८ मध्ये पसरलेल्या कॉन्फिकरसारख्या वर्मनी, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामांनी, याच सोयीचा गैरफायदा घेतला. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंद झालं आणि २०११ च्या अपडेटने एक्सपी व व्हिस्टावरही तेच केलं. सीडी-डीव्हीडीला सूट आहे, पण तिथेही विंडोज आधी विचारू शकतं. म्हणून मेनूची फाइल मुळाशी, सहज ओळखू येईल अशा नावाने ठेवा. ते नाव ‘चॉइस’ मात्र नको; आत बटण दाबून पर्याय निवडू देणारी चॉइस कमांड वापरलीत तर फाइल स्वतःलाच बोलावत बसेल.

चॉइसवरून आठवलं, ती कमांड एक्सपीमध्ये नसते. व्हिस्टापासून आहे. वापरत असाल तर एररलेव्हल, म्हणजे कितवा पर्याय निवडला ते सांगणारा आकडा, मोठ्यापासून खाली तपासा. ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘१ किंवा त्याहून जास्त’, त्यामुळे १ ची तपासणी आधी ठेवलीत तर कुठलंही बटण दाबा, पहिलाच सेटअप उघडतो. उत्तर टाइप करून घेणारी सेट स्लॅश पी वापरत असाल तर नुसतं एंटर दाबल्यावर जुनं उत्तर तसंच राहतं आणि मघाचाच प्रोग्राम पुन्हा सुरू होतो. प्रश्न विचारण्याआधी उत्तर साठवणारा व्हेरिएबल रिकामा करा.

प्रोग्राम उघडणाऱ्या स्टार्ट कमांडचा हिसका सगळ्यांनाच एकदा बसतो. अवतरणचिन्हांतला पहिला मजकूर ती खिडकीचं शीर्षक मानते, म्हणून मार्गाच्या आधी रिकामी अवतरणचिन्हं टाका. सेटअप संपेपर्यंत मेनूने थांबावं असं वाटत असेल तर स्लॅश वेट द्या. आणि प्रत्येक लेबलखालचं, म्हणजे नाव दिलेल्या भागातलं, काम झाल्यावर गोटू या उडी मारणाऱ्या कमांडने मेनूकडे परता, नाहीतर बॅच फाइल खालच्या लेबलात घसरत जाते.

मेनू मराठीत करायचा मोह मलाही झाला होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये देवनागरी बहुधा चौकोन होऊन येते, आणि फाइल बीओएमसह, म्हणजे सुरुवातीच्या अदृश्य खुणेसह, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली तर पहिली ओळच अडखळते. इथे साधी रोमन अक्षरं बरी.

दर दुरुस्तीला नवी डिस्क जाळू नका. आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, बनवा; विंडोज ८ पासून ती डबल क्लिकने माउंट होते, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडते, आणि खऱ्या डिस्कसारखीच त्यावर लिहिता येत नाही. मेनू त्याच फोल्डरमध्ये लॉग, म्हणजे कामाची नोंद, लिहू पाहत असेल तर तो इथेच पकडला जातो. लॉग टेम्प फोल्डरकडे वळवा.