नजर आणि ऐकणं दोन्ही घटत असताना: हात आधी शिकवा

अशर सिंड्रोम हा कान आणि डोळे दोन्ही अधू करणारा आनुवंशिक आजार. त्यात बहुधा ऐकण्यातली उणीव आधी असते. मग रातांधळेपणा येतो, नजरेच्या कडा झिजतात आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलंच तेवढं दिसतं. म्हणून माणूस पेपर वाचतो आणि शेजारच्या बादलीला अडखळतो. घरच्यांना हे सोंग वाटतं. ते सोंग नसतं.

थोडं दिसतंय, थोडं ऐकू येतंय, तोवरच पुढचं शिकून घ्या.

उन्हातून ढाळजेत आलात की उंबऱ्याशी हात टेकून दोन-तीन मिनिटं थांबा. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. माळवदाच्या जिन्याला प्रत्येक पायरीच्या काठावर दोन इंच पिवळा ऑइलपेंट मारा. शहाबादी फरशीच्या करड्या रंगावर तो उठून दिसतो. घरापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि टोकाच्या हातभर आधी मोठी गाठ मारा, म्हणजे शेवट आल्याचं कळतं. त्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे घरात ठणकावून सांगा.

गॅसची सुरसुर ऐकू येणार नाही. शेगडीच्या बटणावर आणि त्यासमोर शेगडीच्या अंगावर एम-सीलचा एकेक ठिपका लावा. बटण बंद असताना दोन्ही ठिपके समोरासमोर आले पाहिजेत. स्वयंपाक झाला की रेग्युलेटरही हाताने चाचपून बंद करा.

श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल घाला. कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा कानात बसणारा साचा सैल झालाय किंवा कानात मळ आहे. उन्हाळ्यात घामाने यंत्र बिघडतं, म्हणून रात्री सेलचं झाकण उघडून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

आता सगळ्यात कामाचं: तळहातावर लिहिणं. बोलणाऱ्याने आधी खांद्याला हात लावावा, मग ठरलेली नावाची खूण करावी (आईची बांगडी, भावाचं घड्याळ चाचपायला देणं पुरतं). त्यानंतर तर्जनीने अक्षरं काढावीत. पुढे पुढे सरकत नाही, एकावर एक, त्याच जागी. शिरोरेघ गाळा. जोडाक्षर फोडून लिहा. शब्द संपला की तळहात पुसल्यासारखा हात फिरवा. लोक घाई करतात आणि अक्षरं बारीक काढतात, तिथेच गफलत होते. रोज संध्याकाळी दिवा चालू असतानाच, डोळे मिटून, पंधरा मिनिटं सराव करा. ब्रेलही याच काळात सुरू करा. बोटांना ठिपके ओळखायला महिने लागतात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डोळे आणि कान दोन्हींची तपासणी मागा. २०१६च्या कायद्यात बहिरेपणासह अंधत्व बहुविकलांगतेत येतं. टक्के नुसती बेरीज करून काढत नाहीत, त्याचं सूत्र आहे, त्यामुळे एकच तपासणी झाली तर आकडा कमी भरतो.

पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले की दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशी ती खूण आहे. पण मोंढ्यात ती फार जणांना ठाऊक नसते. तेव्हा सोबत्याचा दंड कोपराच्या वर धरा आणि अर्धं पाऊल मागे चाला. वाट अरुंद झाली की सोबत्याने तोच हात पाठीमागे न्यावा. एस.टी.त चढवताना दंडाला धरून ओढायचं नाही. दांडीवर हात नेऊन ठेवायचा, पायरी माणूस स्वतः शोधतो.