स्वस्तातल्या पोकर टेबलावर पत्ते अडकतात? गादी आणि कापड बदला

स्वस्तातल्या पोकर टेबलावर फेल्ट, म्हणजे वरचं जाड कापड, थेट प्लायवर चिकटवलेलं असतं. त्यामुळं पत्ता सरकत नाही आणि पडलेला उचलायचा तर नखं घासायची. आमच्या राजारामपुरीतल्या घरी तर भडंगाचं तेल आणि चहा पिऊन ते फेल्ट पार कडक झालेलं. नवं टेबल कशाला, वरचं तेवढं बदललं.

१. जुनं फेल्ट ओढून काढा. गोंदाचे खडे सँडपेपरनं घासा. एकही राहिला तर वरून हाताला लागतोच.

२. ५-६ मिमी जाडीची जुनी योगा मॅट प्लायच्या मापात कापा आणि रबरी गोंदानं चिकटवा. जाड, मऊ फोम नको, त्यात चिप्स (डावात लावायच्या चकत्या) रुततात.

३. वर घट्ट विणीचं, गुळगुळीत पॉलिस्टर. मखमल अजिबात नको. दुकानातच दोन पत्ते कापडावर सरकवून बघा. दुकानदार हसंल, हसू दे. प्रत्येक बाजूला ४ इंच जादा घ्या.

४. कापड ताणून प्लायच्या खालच्या बाजूला स्टेपल मारा. चारी बाजूंच्या मधोमध एकेक आधी, मग कोपऱ्यांकडं सरकत जा. कोपऱ्यातनं सुरुवात केली की चुणी पडलीच म्हणून समजा. कापडाला गोंद लावू नका, डाग वर उमटतो. शिवाय पुढं खराब झालं तर स्टेपल उपसून नुसतं कापड बदलता येतं.

रबरी गोंद पेट घेतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवापुढची समई बंद.