पहिल्या पगारात प्लॉट नको, सातबारा वाचायला शिका

पुण्यात एका वकिलांकडे मी सर्च रिपोर्टचं, म्हणजे जमीन-घराचे जुने कागद तपासायचं काम करते. जून महिन्यात धाकट्या भावाला पहिली नोकरी लागली, पगार 32 हजार. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "ताई, दोन गुंठे मिळतायत, नोटरीवर करून देतायत, सातबाऱ्याला नाव नंतर लागेल."

हेच वाक्य ऐकून आमच्या बाबांनी पैसे दिले होते. नाव आजवर लागलेलं नाही. म्हणून त्याला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

आधी गणित मांडा. 40 लाखांचा जुना फ्लॅट धरा. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 8 लाख आपले. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. झाले 11 लाख 10 हजार, आणि वकील, दलाल, रंगकाम वेगळंच. उरलेल्या 32 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 28 हजारांच्या आसपास जातो. 32 हजार पगारात हे बसत नाही. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला आवर्ती ठेव, आणि डोळे कागदावर. (खरेदी आईच्या किंवा बहिणीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. अटी मात्र वाचून घ्या.)

सराव आपल्याच गावच्या जमिनीच्या गट क्रमांकावर करा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. भोगवटादार वर्ग 2 दिसला, तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन सहसा विकता येत नाही. नावापुढे 'अ.पा.क.' असेल तर मालक अल्पवयीन आहे, कोर्टाची परवानगी लागू शकते. सगळ्यात जास्त वेळ 'इतर हक्क' या रकान्यावर घालवा. कुळ, बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथेच सापडतं. मग तिथे लिहिलेले फेरफार क्रमांक घेऊन एकेक फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) मागे मागे वाचत जा. आम्ही साधारण तीस वर्षं मागे जातो. कंटाळवाणं वाटेल, पण भांडणं त्यातच दडलेली असतात.

गुंठेवारीचं तर फार जपून. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शेतजमिनीतून असा तुकडा विकायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे. नियम अधूनमधून शिथिल होतात, म्हणून त्या दिवशीचा नियम काय आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन विचारा, विकणाऱ्याला नको. शिवाय आपण शेतकरी नसू तर सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन सहसा घेता येत नाही. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मालकी खरेदीखत नोंदवल्यावरच येते.

नवीन इमारत असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधीचा, चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) किती, खटले कोणते ते बघा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही. मागितले तर उठून या.

काहीतरी घ्यायचंच असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं (भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टचं) एक युनिट घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. मोठ्या कार्यालयांच्या आणि मॉलच्या भाड्यातला वाटा येतो. भाव खालीही जातो, तरी भाडं, रिकामे मजले, कर्ज हे शब्द कळू लागतात.

भावाने दोन गुंठे सोडले. मागच्या रविवारी त्याने आमच्या गटाचा उतारा काढला. इतर हक्कात आजोबांच्या वेळचा विकास सोसायटीचा (गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा) बोजा तसाच आहे. कर्ज फिटल्याचा दाखला आईच्या ट्रंकेत असेल असं वाटतं. सापडला की बोजा कमी करायचा अर्ज देणार आहोत.