जुनापाणीची शिळावर्तुळं बघायला जाताय?

नागपूरजवळच्या जुनापाणीला ऊन कलल्यावर जा. भर दुपारी दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतच नाहीत. तिरप्या उजेडात ओळीच्या ओळी उठून दिसतात. त्यांत खडू भरू नका. (भरणारे महाभाग मी पाहिलेत!) वर्तुळातला उंचवटा म्हणजे लोहयुगातलं दफन, त्यावर चढून सेल्फी कशाला? खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. मी शेजारी पेन ठेवून फोटो काढते, आकार कळतो. दगड हलवलेला किंवा माती उपसलेली दिसली, तर तारीख आणि लोकेशनसह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला लेखी कळवा. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. त्या पत्रात हा नियमही जरूर लिहा.